गुंगीचे पर्याय आणि कोंडीरामअण्णांची दाढ

मनुष्यप्राण्याला निसर्गानं दात बत्तीस दिले, भीती मात्र मोजून दिली नाही. ज्यानं त्यानं ती आपापल्या ऐपतीप्रमाणं बाळगावी, असा एकूण संकेत दिसतो. आमच्या धाराशिव जिल्ह्यापुरतं बोलायचं तर इथं पाण्याची टंचाई असते, चाऱ्याची असते, अधूनमधून ग्रामसेवकाचीही असते. पण सर्वांत जुनी आणि कायमस्वरूपी टंचाई भीतीची आहे. इथं कुणीच कशाला भीत नाही. मी पंचायत समितीतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालो. हयातभर लोकांना प्रश्न विचारायचाच पगार घेतला. पण ‘भीती वाटते का’ या प्रश्नाला होय असं उत्तर देणारा इसम माझ्या पाहण्यात आला नाही.

अशा निर्भय मुलखात, लोहारा या तालुक्याच्या गावी, डॉ. शिवांजली बिराजदार यांनी दातांचा दवाखाना काढला. त्या लोहाऱ्याच्याच. शिकायला पुण्याला गेल्या आणि (ही गोष्ट तालुक्यात अजून कुणाला पटलेली नाही) परत आल्या. पहिल्या वर्षी त्यांनी रुग्णांच्या वर्तणुकीची पाहणी केली. पाहणी म्हणजे त्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या. निष्कर्ष असे: दाढ धरून आलेल्यांपैकी निम्मे लोक पायरीवरूनच परत जातात, कारण तेवढ्यात गावाकडची जीप सुटायला होते. पाव हिस्सा बाकड्यापर्यंत येतो आणि बाकड्यावर बसल्याबरोबर त्यांचं दुखणं थांबतं. (या बाकड्याची पुढं ख्याती झाली. नुसतं बसायला म्हणून लोक जेवळीहून येत.) उरलेले खुर्चीवर बसतात, तोंड उघडतात आणि सुई दिसताच त्यांना जनावरांना पाणी पाजायचं राहिल्याचं आठवतं. यात ज्यांच्याकडं जनावरं नाहीत असे लोकही आहेत.

यावर उपाय म्हणून बाईंनी दवाखान्याच्या भिंतीवर मोठा फलक लावला: ‘भीती वाटणाऱ्या रुग्णांसाठी गुंगीचे पर्याय’. सर्वसामान्यांना ते नीट कळावेत म्हणून मी इथं माझ्या टिप्पणीसह देतो.

पर्याय एक, बोलणं. डॉक्टर रुग्णाशी शांतपणे बोलतात, काय करणार ते आधी सांगतात, हात वर केला की थांबतात. याला खर्च नाही. खर्च नसल्यामुळं याचा गुण येईल असं कुणाला वाटत नाही.

पर्याय दोन, जागेवरची सुई. हिरडीत टोचतात, तेवढाच भाग बधिर होतो. माणूस जागा राहतो, सगळं दिसतं, ऐकू येतं, फक्त दुखत नाही. खरं काम हीच सुई करते. बाकीचे पर्याय ही सुई घेईपर्यंत माणूस खुर्चीत टिकावा यासाठी आहेत, असं बाईंनी मला समजावून सांगितलं.

पर्याय तीन, गोळी. दवाखान्यात यायच्या तासभर आधी, उपाशीपोटी, दोन घोट पाण्याबरोबर घ्यायची. माणूस गाढ झोपत नाही, पण पेंगतो, स्वभाव मऊ होतो आणि नंतर झालेलं फारसं आठवत नाही. सोबत एक जबाबदार माणूस लागतो.

पर्याय चार, नाकावरचा गॅस. हुंगला की अंग हलकं होतं, काहींना हसू येतं. आमच्याकडं चारचौघांत परक्या बाईपुढं हसणं हे दाढदुखीपेक्षा अवघड मानलं जात असल्यानं याला उठाव नाही. (एका गृहस्थांनी या सिलिंडरला अनुदान आहे का, अशी विचारणा मात्र केली.)

पर्याय पाच, शिरेतून गुंगी. यासाठी सोलापूरहून भूलतज्ज्ञ येतात. ते आले की रुग्ण येत नाही, आणि रुग्ण आला की ते आलेले नसतात.

याखेरीज पूर्वापार चालत आलेले पर्याय आहेतच: तंबाखूची चिमूट, रुईचा चीक, लवंग, आणि रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातला किडा काढून दाखवणारी बाई. किडा ती हातात देते. डॉक्टरीणबाईंकडं असं पुराव्यानिशी काम होत नाही, अशी लोकांची तक्रार होती.

फलक लागला आणि दवाखान्यात शुकशुकाट झाला. कारण उघड आहे. ‘भीती वाटणाऱ्या’ असं लिहिलेल्या भिंतीखाली गावचा माणूस बसलेला दिसला, तर उद्या त्याला ग्रामसभेत कोण विचारणार? काही दिवसांनी बाईंनी शहाणपणा केला. ‘भीती वाटणाऱ्या’ हे शब्द पुसून तिथं ‘मान्यवर’ असं लिहिलं. तेव्हापासून बाकडं पुरेना. जागेवरची सुई म्हणजे सर्वसाधारण माणूस, गोळी म्हणजे सोसायटीचे संचालक, गॅस म्हणजे सराफ आणि शिरेतून म्हणजे माजी सभापती, अशी प्रतवारी लोकांनी आपली आपणच लावून घेतली. सोयरिकीच्या बोलण्यात पोराच्या बापानं दाढ कशावर काढली हे विचारलं जाऊ लागलं. एक जण तर दात नुसते साफ करायला आला आणि शिरेतूनच पाहिजे म्हणून अडून बसला.

आता कोंडीरामअण्णा. हे माझे थोरले चुलतभाऊ आणि आमच्या गावातले पहिल्या क्रमांकाचे निर्भय. विहिरीत उतरून साप काढतात, तहसीलदाराला एकेरी हाक मारतात. मुलाच्या, म्हणजे कृष्णराजच्या लग्नात त्यांनी तेरखेड्याहून आणलेला सुतळी बॉम्ब हातात धरून वात पेटवली आणि अगदी शेवटच्या क्षणी फेकला. (मांडवाचा एक कोपरा गेला, पण नाव झालं.) असा हा माणूस खालची उजवीकडची शेवटची दाढ दोन पावसाळे किडवत बसला होता. गाल सुजला की त्यावर मफलर चढायचा, सूज ओसरली की उतरायचा. भर चैत्रात अण्णांच्या गळ्याभोवती मफलर दिसला की आम्ही समजून घेत असू आणि थंडीविषयी बोलत असू.

शेवटी जबडाच उघडेना, तेव्हा कृष्णराजनं त्यांना जीपमध्ये घातलं. डॉक्टरीणबाईंनी सूज उतरायची औषधं दिली आणि स्पष्ट सांगितलं की दाढ काढावीच लागेल. ठेवली तर पुढच्या खेपेला सूज गळ्यात उतरेल, श्वास अडेल, मग लोहाऱ्यात काही करता येणार नाही आणि माणूस हातचा जाईल. कृष्णराजचा चेहरा पडला. अण्णांनी मान वर करून फलक वाचला आणि म्हणाले, “म्या भीत न्हाय. पर मान्यवर म्हंत्यात तर गोळी घिऊ.”

बाईंनी गोळीची पुडी आणि सगळ्या सूचना सत्यभामावहिनींच्या हवाली केल्या, कारण आमच्याकडं औषध पुरुषाच्या हातात देत नाहीत. घोटाळा इथं झाला.

सत्यभामावहिनी म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्या घरात आजारपणाच्या कामाची वाटणी फार जुनी आहे: आजारी अण्णांनी पडायचं, बाकीचं सगळं वहिनींनी करायचं. अण्णांना कावीळ झाली तेव्हा वहिनी तुळजापूरला अनवाणी चालत गेल्या. अण्णा बरे झाले. मोतीबिंदूच्या वेळी वहिनींनी सोळा सोमवार धरले. अण्णांना दिसू लागलं. साखरेचा आजार निघाला, डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं, आणि वहिनींनी गोड बंद केलं. अण्णा अजूनही बासुंदीला नाही म्हणत नाहीत, पण घरात पथ्य पाळलं जातं याबद्दल दुमत नाही.

अशा घरात ती पुडी आली. सूचना काय? उपाशीपोटी. ठरल्या वेळी. दोन घोट पाण्यावर. यात औषधापेक्षा व्रताचा भाग जास्त आहे, हे कुणीही मान्य करील. ठरलेल्या गुरुवारी वहिनींनी पहाटे अंघोळ करून कडक उपास धरला, सूज उतरलेल्या अण्णांना दोन भाकरी, पिठलं आणि ठेचा पोटभर वाढला, आणि वेळ होताच देवापुढं बसून गोळी स्वतः घेतली. मी याला चूक म्हणणार नाही. जे झालं ते त्या घरच्या प्रघाताला धरूनच झालं.

दरम्यान ‘सोबत एक जबाबदार माणूस आणावा’ या सूचनेनं गावात वेगळाच पेच केला होता. एकच जबाबदार माणूस न्यायचा म्हटलं तर बाकीचे बेजबाबदार ठरतात. अण्णांचे बालमित्र सिद्रामप्पा यांचा अण्णांशी बांधावरून वाद चालू आहे (वाद बांधापुरता, मैत्री वेगळी); त्यांनी निरोप धाडला की मला वगळलं तर मयताला येणार नाही. अखेर सर्व जबाबदार माणसांना घेऊन जायचं ठरलं. जीप गच्च भरली. मी मागच्या दाराशी निम्मा आत आणि निम्मा बाहेर, असा जबाबदार होतो.

गाव सुटलं आणि वहिनी खिडकीला डोकं टेकून पेंगू लागल्या. त्यांना दिवसा डोळे मिटलेलं आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळं जीपमध्ये सगळे घाबरले. (भीती नव्हे, काळजी.) कृष्णराजनं गाडी दामटली.

दवाखान्यात बाईंनी अण्णांना विचारलं, गोळी घेतली का. अण्णांनी घेतली म्हणून सांगितलं. घरात घेतली म्हणजे आपण घेतली, यात त्यांच्या मते खोटं काही नव्हतं. पण अण्णांचे डोळे बॅटरीसारखे लख्ख होते आणि तोंडाला ठेच्यातल्या लसणाचा वास होता. तेवढ्यात दोघांनी धरून आणलेल्या वहिनी दारात दिसल्या आणि बाईंना सगळा उलगडा झाला. त्यांनी वहिनींना खुर्चीवर आडवं केलं, रक्तदाब बघितला, बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला. गोळी हलकी आहे, दुपारपर्यंत अंमल उतरेल, असं सांगून झाल्यावर त्या आम्हा सगळ्यांवर संतापल्या. औषध हे उपासासारखं दुसऱ्याच्या वतीनं घेता येत नाही, एवढं सुद्धा कळत नाही का, असं म्हणाल्या. सिद्रामप्पांनी नम्रपणे विचारलं की पुण्य घेता येतं, मग गोळी का नाही. बाईंनी वहिनींचा रक्तदाब पुन्हा एकदा बघितला.

या वेळी एक गोष्ट घडली. खुर्चीवरचा दिवा तोंडावर पडलेला पाहून वहिनींनी आपण होऊन तोंड उघडलं. कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी सहज आत बघितलं आणि बघतच राहिल्या. डावीकडच्या दोन दाढांची नुसती मुळं उरली होती. उजवीकडची एक आतून पोखरलेली, वरचा एक दात हलता. बाईंनी विचारलं, हे कधीपासून दुखतंय.

“लई वर्षं झाली, बाई,” वहिनी डोळे अर्धे मिटून म्हणाल्या. “किष्णा शाळंत जात व्हता तवापासनं.”

किष्णा, म्हणजे कृष्णराज, आता दोन पोरांचा बाप आहे. तो भिंतीला टेकून उभा होता, तो खाली बाकड्यावर बसला. बाईंनी पुढं विचारलं की मग आलात का नाही, सुईची भीती वाटते का.

“सुईचं कशाचं भ्या,” वहिनी म्हणाल्या. “दाढ काढल्यावर दोन दिस आराम करा म्हंता ना तुमी? घरी जाऊन ह्यांला म्हनायचं, आज भाकरी न्हाय. त्येचं भ्या वाटतंय बगा.”

मी फलक वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. पाचही पर्याय दाढ काढून घ्यायला भिणाऱ्यांसाठी होते. काढल्यानंतर घरी जायला भिणाऱ्यांसाठी तिथं एकही पर्याय नव्हता, आणि तसा कुणाकडं मागावा हेही मला कळलं नाही.

अण्णा मात्र गडबडले नाहीत. फलकाच्या खाली बारीक अक्षरांत आणखी एक सूचना होती: ‘गोळी घेतलेल्या व्यक्तीनं त्या दिवशी वाहन चालवू नये, व्यवहार करू नये, महत्त्वाचा निर्णय घेऊ नये.’ अण्णांनी तिच्यावर बोट ठेवलं. “अंमल हाय त्यो गोळीचा,” ते म्हणाले. “धरायचं न्हाय ते बोलनं.” बाईंची पंचाईत झाली. अशा अवस्थेतली संमती त्यांनाही घेता येत नव्हती, आणि अण्णांनाही भरल्या पोटी गोळी देता येत नव्हती. त्यांनी अण्णांना पुन्हा तपासलं, दाढ काढायची ना असं विचारून त्यांच्याकडून “काढा की” वदवून घेतलं, दुसरी पुडी दिली, ती कुणी घ्यायची हे तीनतीनदा बजावलं, आणि दोघांनाही पुढच्या गुरुवारी बोलावलं.

प्रश्न आता असा होता: वहिनींची दाढ दुखते की नाही? गुंगीत त्या दुखते म्हणाल्या होत्या, पण ते ग्राह्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी, पूर्ण शुद्धीत, अण्णांच्या समक्ष कृष्णराजनं विचारलं, “आई, दाढ दुखती का?” वहिनी म्हणाल्या, “कुठं काय,” आणि पीठ मळायला बसल्या. सबब, ग्राह्य धरता येईल असं एकमेव निवेदन दाढ दुखत नसल्याचं होतं, आणि भावकीनं ते एकमतानं मान्य केलं. सेवेत असताना मीही असाच निर्णय दिला असता.

त्या दिवशी मी तिथंच जेवलो. सगळ्यांचं झाल्यावर वहिनी आतल्या बाजूला बसल्या. त्यांनी भाकरी वरणात कुस्करली, कुस्करून तिचा पार लगदा केला आणि तो न चावता गिळत राहिल्या. असं का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, मला असंच आवडतं. मला वाईट वाटलं. नोकरीत वाईट वाटून घ्यायची सवय मोडलेली, त्यामुळं त्याचं काय करायचं ते समजेना.

अण्णांचं निराळंच चाललं होतं. गोळीनं बाया बोलायला लागतात, अशी वदंता गावभर झाली होती. अण्णांनी जाहीर केलं की यापुढं ती गोळी आपल्या घरात कुणी घेणार नाही, आपणही नाही. शिवाय सूज आता पार उतरली आहे, दाढ दुखत नाही, तेव्हा गुरुवारी जायचं ते फक्त बाईंना तसं तोंडावर सांगायला. मफलर धुऊन दोरीवर वाळत होता. पुढच्या सुजेची तयारी झाली होती, आणि बाईंनी गळ्याविषयी काय सांगितलं होतं ते कृष्णराजला रोज आठवत होतं. पण बापाला सांगणार कोण.

गुरुवार उजाडला. मी जबाबदार माणूस असल्यानं सकाळीच हजर होतो. अण्णांनी भाकरी मागितली. वहिनी म्हणाल्या, पीठ संपलंय आणि गिरणीची लाइट गेलीय. अण्णांनी दूध मागितलं. दूध नासलं होतं. त्या घरात या तीन गोष्टी एकाच सकाळी कधी झाल्या नव्हत्या. मग वहिनींनी बाहेर आणून दिला तो कपात तळाशी असलेला, दोन घोटांचा, बिनदुधाचा, गुळाचा काळा चहा.

“कडू लागतंय,” अण्णा म्हणाले.

“जुना गूळ हाय,” वहिनी म्हणाल्या. “प्या गप.”

‘गप’ हा शब्द त्या घरात आजवर एकाच दिशेनं जात असे. तो उलट आलेला पाहून अण्णा इतके चकित झाले की त्यांनी चहा पिऊन टाकला. पुडीचा कागद चुलीत जाताना मी पाहिला. मला कुणी विचारलं नाही, त्यामुळं मी सांगितलं नाही. सेवेतली ही एक सवय मात्र शाबूत आहे.

जीप जबाबदार माणसांनी भरून निघाली. अर्ध्या वाटेत अण्णांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची कृपा दिसू लागली. त्यांनी गाडी चालवणाऱ्या कृष्णराजच्या पाठीवरून हात फिरवला. मग सिद्रामप्पांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “सिद्राम, बांध तुजाच हाय. पयल्यापासनं तुजाच व्हता.” सिद्रामप्पांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना वाटलं अण्णांचा शेवट जवळ आला. ते रडू लागले आणि जीप थेट सोलापूरला घ्या म्हणाले. गोळीच्या अंमलात महत्त्वाचा निर्णय घेऊ नये ही सूचना मला आठवत होती, पण ती सांगितली असती तर गोळी कुणाच्या पोटात कशी गेली हा प्रश्न निघाला असता. मी खिडकीबाहेरची तूर बघत राहिलो.

दवाखान्यात बाईंनी विचारलं, “काका, आज गोळी घेतली ना?”

“घेतली आसल की,” अण्णा प्रसन्नपणे म्हणाले. वहिनींनी, घेतली, मी डोळ्यानं बघितली, अशी पुस्ती जोडली. दोन्ही विधानं खरी होती. बाईंनी अण्णांना बाकड्यावर बसवलं, बोटाला चिमटा लावला, सुई तयार करायला वळल्या, आणि परत वळून बघतात तो खुर्चीवर वहिनी बसलेल्या. नवं लुगडं, पदर कमरेला खोचलेला, तोंड उघडं.

बाईंनी खात्री करून घेतली. तुम्ही काही घेतलंय का, नाही. शुद्धीत आहात ना, तुमच्याइतकीच. काढायच्या दोन दाढा कोणत्या ते नीट सांगितलं, वहिनींनी मान हलवली. तरीही बाईंना राहवेना. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “काकू, आणि आज घरी भाकरीचं?”

वहिनींनी बाकड्याकडं पाहिलं. अण्णा सिद्रामप्पांच्या खांद्यावर गाल ठेवून, तोंड किंचित उघडं टाकून, लहान लेकरासारखे पेंगत होते.

“मागनारं कोन जागं हाय?” वहिनी म्हणाल्या. “काढा तुमी.”

दोन्ही दाढा नुसत्या जागेवरच्या सुईवर निघाल्या. दुखलं तर हात वर करा, असं बाईंनी सांगितलं होतं. वहिनींचे हात मांडीवर होते तसेच राहिले. त्यानंतर अण्णांची पाळी. त्यांना हलवून, दाढ काढायची ना, असं विचारलं तर ते “काढा की” म्हणाले. मागच्या खेपेला पूर्ण शुद्धीत त्यांनी हेच म्हटलेलं होतं, त्यामुळं बाईंनी काढली. गळ्याचं संकट टळलं. कृष्णराजनं बाहेर जाऊन डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाला.

घरी आल्यावर अण्णा दिवेलागणीपर्यंत झोपले. वहिनी तोंडात कापसाचा बोळा धरून बाजेवर पडल्या. त्या पडल्या हे बघायला शेजारच्या बायका येऊन गेल्या. संध्याकाळी कृष्णराजनं जन्मात पहिल्यांदा खिचडी केली. ती खाली करपलेली आणि वर कच्ची होती, मीठ दोन वेळा पडलं होतं. वहिनींनी ती गार करून, डोळे मिटून खाल्ली आणि आणखी मागून घेतली.

अण्णांना त्या दिवसाचं काही आठवत नाही. त्यामुळं पारावर ते सांगतात की दाढ आपण गोळीबिळी काही न घेता, वाघासारखं बसून काढली. याला विरोध करण्याचं कुणाला कारण नाही. फक्त सिद्रामप्पा अधूनमधून बांधाचा विषय काढतात आणि त्या दिवशी तू काय म्हणाला होतास ते आठव म्हणतात. अण्णा म्हणतात, तुला स्वप्न पडलं असेल.

ही हकीकत विहिरीवरून बचत गटात आणि बचत गटातून तालुक्यात कशी गेली, याची चौकशी कुणी केली नाही. पण हल्ली डॉक्टरीणबाईंकडं जोडप्यांची रीघ लागते. बायको पुढं होऊन सांगते की आमच्या मालकांना दाढेचं फार भ्या वाटतं, गोळी द्या. मालक मान्यवर होणार म्हणून गप्प बसतात. बाई आधी त्यांना तपासतात, मगच पुडी देतात. लोहारा तालुक्यातल्या पुरुषांची दातांविषयीची भीती आता महाराष्ट्रात सर्वाधिक असावी, असा माझा अंदाज आहे. त्याच काळात तालुक्यातल्या बायकांच्या वर्षानुवर्षं राहिलेल्या दाढा भराभर निघू लागल्या. या दोन बाबींचा परस्परसंबंध सिद्ध झालेला नाही. मी मात्र एक शिफारस करून ठेवतो: गुंगीचा पर्याय तिसरा हा रुग्णासाठी नसून रुग्णाच्या घरच्यांसाठी आहे, अशी दुरुस्ती फलकावर व्हावी.

आता तुम्ही. हे वाचून तुम्हाला गंमत वाटली असेल. लोहाऱ्याकडची खेडवळ माणसं, त्यांच्याकडं असंच चालायचं; आपल्या घरात कुणाला काही दुखलं तर सांगतात. अगदी बरोबर आहे. मग एवढंच सांगा, तुमच्या घरात सगळ्यांच्या मागून जी जेवते, ती हल्ली कोणत्या बाजूनं चावते? (ती तुम्हीच असाल तर तुम्हाला मी काय सांगणार. गूळ जुना घ्या.) सांगता येत नसेल तरी घाबरू नका, तुम्ही भीत नाहीच. फक्त एखाद्या सकाळी घरातलं पीठ संपलं, त्याच दिवशी दूध नासलं आणि पुढ्यात दोन घोट काळा चहा आला, तर कडू लागतोय म्हणून कुरकुर करू नका. गप पिऊन टाका.